साधन आधी की शेतकरी आधी?

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट व ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जो प्रयोग चालविला, त्याचे कौतुक २०२५ च्या आरंभी देशाबाहेरही झाले. जमिनीतील संवेदक, उपग्रहाची छायाचित्रे आणि हवामान यांचा मेळ घालून पाण्याचा व खताचा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो. परंतु सल्ला अचूक असून भागत नाही; तो भर उन्हात, चिखलाच्या हातांनी मोबाइल उघडणाऱ्यास वाचता आणि उमजता आला पाहिजे. ही सोय पाहणाऱ्या विद्येला ‘यूजर एक्स्पिरियन्स डिझाइन’ म्हणतात. तिच्याकडे वळणाऱ्या बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो साधनांचा: कोणते सॉफ्टवेअर शिकावे?

प्रश्न क्षुल्लक नाही, कारण त्यात पालकांचा पैसा गुंततो. ‘स्केच’वर आराखडे काढावयाचे तर अ‍ॅपलचाच संगणक लागतो. ‘फिग्मा’ कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये चालते, म्हणून ते सर्वत्र पसरले. ते विकत घेण्यासाठी अ‍ॅडोबीने २०२२ मध्ये दोन हजार कोटी डॉलर देऊ केले. नियामकांच्या हरकतींमुळे २०२३ च्या डिसेंबरात तो सौदा मोडला. एके काळी घरोघरच्या डिझायनरांचे असलेले ‘इन्व्हिजन’ २०२४ अखेर बंदच झाले. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर साधनाची किंमत म्हणजे केवळ त्याची वर्गणी नव्हे. ते सोडताना पडणारा भुर्दंडही तिच्यात धरावा लागतो. आपले काम दुसऱ्याच्या कोठारात असेल, तर किल्ली कोणाकडे आहे हे आधीच विचारलेले बरे. ‘पेनपॉट’सारखी मुक्तस्रोत साधने या दृष्टीने विचारार्ह ठरतात.

तथापि साधनाचा विचार करण्यापूर्वी करावयाचे एक काम आहे, आणि त्याचा धडा महाराष्ट्राच्याच ऊसपट्ट्यात मिळाला आहे. १९९८ मध्ये वारणा परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आखली गेली. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी त्या केंद्रांत प्रत्यक्ष काय चालते ते पाहिले. शेतकरी येत तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन, खताची खरेदी अशा मोजक्या माहितीसाठी. तेवढे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवरही होण्यासारखे होते. सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. नवी पद्धत स्वस्त, सोयीची आणि शेतकऱ्यांना अधिक पसंत ठरली. हे घडले ते महागड्या सॉफ्टवेअरमुळे नव्हे. कोणीतरी केंद्रात जाऊन निरखून पाहिले, म्हणून.

तेव्हा निवडीचा क्रम उलटावयास हवा. प्रथम माणूस, मग त्याचे काम, मग कागद-पेन्सिलीवरचा आराखडा आणि शेवटी सॉफ्टवेअर. त्या सॉफ्टवेअरलाही चार साधे प्रश्न विचारावेत: त्यात देवनागरी जोडाक्षरे नीट उमटतात काय? मंद इंटरनेटवर ते चालते काय? केलेले काम बाहेर काढता येते काय? आणि शेतकऱ्याच्या मुलाखतीचे ध्वनिमुद्रण त्याच्या संमतीवाचून परक्या हाती जात नाही ना?

ज्याच्या घरचा ऊस भवानीनगरच्या कारखान्यास जातो, त्या इंदापूरच्या विद्यार्थ्याला तोडीची वाट पाहणे म्हणजे काय हे कोणी शिकवावे लागत नाही. पुण्या-मुंबईच्या डिझायनरास ते ज्ञान सायासाने मिळवावे लागते. महाविद्यालयांनी या भांडवलाची कदर करावी आणि अभ्यासक्रमात सॉफ्टवेअरच्या तासाआधी बांधावरचा तास ठेवावा. साधने दर पाच वर्षांनी बदलतील. शेतकऱ्याची अडचण ओळखणारी नजर मात्र जन्मभर पुरेल.