नाराचा मोठा बुद्ध आणि त्याचे डोळे रेखणारा भारतीय भिक्षू



माझा धाकटा भाऊ ओसाकाला नोकरीला आहे. मागच्या सुट्टीत त्याच्याकडे जाण्याचा योग आला आणि एक दिवस काढून आम्ही नारा हे गाव बघून आलो. परत आल्यावर वर्गात फोटो दाखवले, तेव्हा चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, बुद्ध तर आपल्याकडचा ना? मग एवढा मोठा तिकडे का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

नारा ही इ.स. 710 ते 784 या काळात जवळजवळ सलग जपानची राजधानी होती. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून रेल्वेने पाऊण तासाच्या आत आपण तिथे पोहोचतो. स्टेशनबाहेर कारंज्यात एका भिक्षूचा पुतळा आहे. लोक एकमेकांना भेटायला तिथेच थांबतात. भिक्षूचं नाव ग्योकी. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

थोडं चाललं की हरणं सुरू होतात. हजाराहून जास्त हरणं रस्त्यात, बागेत, मंदिराच्या दारात मोकळी फिरतात. त्यांच्यासाठी खास बिस्किटं विकत मिळतात, आणि बिस्किट दिसलं की हरीण मान वाकवून चक्क नमस्कार केल्यासारखं करतं! (नाही दिलं तर ओढणी ओढतं, हे अनुभवाने सांगते.) बुद्धाने पहिला उपदेश सारनाथच्या मृगवनात केला म्हणून इथे हरणं असतील असं मला वाटलं होतं. पण तसं नाही. जवळच्या कासुगा देवस्थानाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी तिथली श्रद्धा आहे, म्हणून ती पवित्र.

आता तोदाइजी मंदिर. आधी लागतो मोठा दक्षिण दरवाजा. त्याच्या दोन बाजूंना लाकडाचे दोन रागीट द्वारपाल उभे आहेत, प्रत्येकी सुमारे 8.4 मीटर उंच. उन्केई, काइकेई आणि त्यांच्या सोबतच्या शिल्पकारांनी 1203 साली ते फक्त 69 दिवसांत उभे केले. लाकडाचे असंख्य तुकडे वेगवेगळे कोरून एकमेकांना जोडलेत. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. का? उघडं तोंड म्हणजे 'अ', मिटलेलं म्हणजे 'हूं'. आरंभ आणि शेवट. ही अक्षरं संस्कृतातली! बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् नावाची भारतीय लिपी जपानला गेली आणि तिथले भिक्षू ती शिकले. जपानी मुलं आज आपली अक्षरं 'आ इ उ ए ओ' आणि मग 'का, सा, ता, ना…' या क्रमाने म्हणतात, त्या क्रमावर या अभ्यासाची छाप आहे. पहिलीला बाराखडी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्या दरवाज्यात किती आनंद झाला असेल बघा.

आत गेल्यावर मात्र बोलणं बंद होतं. समोर बसलेला बुद्ध सुमारे 15 मीटर उंच आहे. हा वैरोचन बुद्ध, लोक त्याला 'दाइबुत्सु' म्हणजे मोठा बुद्ध म्हणतात. उजवा हात उचललेला, अभय मुद्रेत. भिऊ नका असं सांगणारा.

भिऊ नका, हे सांगायची वेळच तशी होती. 735 ते 737 या काळात जपानमध्ये देवीची साथ आली. लोकसंख्येचा चौथा ते तिसरा हिस्सा गेला असावा, असा काही इतिहासकारांचा अंदाज आहे. राज्यकारभार चालवणारे फुजिवारा घराण्याचे चार भाऊ एकाच वर्षी गेले. शेतं ओस पडली. करोनाच्या वेळी आपण गावात काय बघितलं ते आठवा, आणि इथे तर ना लस, ना दवाखाना. अशा वेळी सम्राट शोमूने 743 मध्ये आज्ञा काढली की बुद्धाची भव्य मूर्ती घडवायची. पण ती एकट्या राजाच्या बळावर नको. गवताची काडी किंवा मूठभर माती घेऊन येणाऱ्यालाही या कामात घ्यावं, असं त्याने त्यात म्हटलं होतं.

आता ग्योकी. हा भिक्षू गावोगाव फिरून लोकांना सोबत घेऊन पूल, तळी, पाट बांधायचा. सरकारला ते खपलं नव्हतं, 717 मध्ये त्याच्यावर बंदीही आली होती. पण लोक ज्याचं ऐकतात तो माणूस हाच, हे शेवटी सरकारला मान्य करावं लागलं. मूर्तीसाठी लोकांना गोळा करायचं काम त्याच्याकडे आलं आणि 745 मध्ये त्याला भिक्षूंमधलं सर्वोच्च पद मिळालं. मूर्ती पुरी झालेली बघायला तो राहिला नाही, 749 मध्ये वारला.

मूर्ती खालून वर आठ टप्प्यांत ओतली, सुमारे 500 टन तांबं लागलं. वर सोन्याचा मुलामा. तो देताना सोनं पाऱ्यात मिसळून लावायचे आणि आगीने पारा उडवून द्यायचे. पाऱ्याची वाफ विषारी असते. 'लोकांनी मिळून मूर्ती घडवली' हे वाक्य मुलांना सांगताना ही वाफ कुणाच्या छातीत गेली तेही सांगायला हवं, असं मला वाटतं.

752 मध्ये डोळे उघडण्याचा सोहळा झाला. म्हणजे मूर्तीच्या डोळ्यांत बुबुळं रेखायची, की मूर्ती जागी झाली. हा मान मिळाला बोधिसेन या भारतीय भिक्षूला. तो भारतातून चीनला आणि तिथून 736 मध्ये, म्हणजे ऐन साथीच्या काळात, जपानला पोहोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब निळी रेशमी दोरी बांधली होती आणि खाली जमलेल्यांनी ती हातात धरली होती, म्हणजे डोळे रेखण्यात त्यांचाही हात लागला. तो कुंचला आणि दोरी तिथल्या शोसोइन भांडारात अजून जपून ठेवली आहे.

पण आपण बघतो तो बुद्ध पूर्ण तोच आहे का? नाही. 855 मध्ये भूकंपात डोकं पडलं. 1180 मध्ये लढाईत मंदिर जळालं. मूर्ती दुरुस्त झाल्यावर 1185 मध्ये पुन्हा डोळे रेखले, तेही बोधिसेनाच्याच कुंचल्याने. 1567 मध्ये पुन्हा लढाई, पुन्हा आग. मग बुद्ध शंभर वर्षांहून जास्त काळ जवळजवळ उघड्यावरच होता. आजचं डोकं 1692 चं, सभागृह 1709 चं. ते 57 मीटर रुंद आहे, पहिलं 86 मीटर होतं. आठव्या शतकातलं उरलंय ते बसायच्या कमळाच्या पाकळ्यांमध्ये आणि अंगाच्या काही भागांत.

याच्या उलट जवळच्या कोफुकुजी मंदिरातला असुर. तीन तोंडं, सहा हात, उंची जेमतेम 153 सेंटिमीटर, 734 सालचा. कापडावर झाडाच्या चिकाचे थर देऊन केलेला, आतून पोकळ. आग लागली की भिक्षू त्याला उचलून बाहेर नेत असावेत, म्हणून वाचला. आपल्या गोष्टीतला असुर दुष्ट असतो, हा मात्र भुवया जवळ आणून काळजी करणाऱ्या पोरासारखा दिसतो. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभी होते, भाऊ घड्याळ बघत होता.

हे सगळं मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मग आम्ही मैदानावर खडूने मोठ्या बुद्धाचा एक डोळा काढला, खऱ्या मापाचा, एक मीटर लांब. कान अडीच मीटर. बुबुळ भरायची वेळ आली तेव्हा माझ्या ओढणीचं टोक तिने खडूला बांधलं आणि दुसरं टोक धरायला पहिलीच्या पोरांना हाक मारली.