मिल्टनचे लॉक आणि पोर्टसीच्या विहिरी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे पोर्ट्समथ शहर मुख्यतः पोर्टसी नावाच्या बेटावर वसले आहे. बेटाच्या पूर्वेला लँगस्टन हार्बर ही उथळ खाडी. ओहोटी लागली की तिच्यात नजर पोहोचेल तिथवर चिखलच चिखल. या खाडीकाठी, मिल्टन भागात, एका जुन्या लॉकच्या भिंती अजून उभ्या आहेत. दारे कधीच गेली.

लॉक म्हणजे दोन दारांमधला हौद. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, पाण्याची पातळी पुढच्या पाण्याशी जुळवायची आणि मग पुढचे दार उघडायचे. दाराची दोन पाने मिटताना उंच पाण्याकडे टोक करून कोन साधतात. पाण्याचा दाबच त्यांना घट्ट धरून ठेवतो. गोव्यातल्या खाजणांची मानस ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी ती दारे याच तत्त्वावर चालतात. फरक हेतूचा. मानस खारे पाणी शेतात शिरू देत नाही. मिल्टनच्या कालव्यात मात्र खारे पाणी मुद्दाम भरले होते.

ते का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. फ्रान्सशी युद्ध चालू असताना लंडनहून पोर्ट्समथच्या नौदलतळाकडे जाणारा माल समुद्रमार्गे नेणे धोक्याचे होते. वाटेत वादळे आणि शत्रूची जहाजे. म्हणून देशाच्या आतून, नद्या आणि कालवे जोडत जाणारी वाट हवी होती. वे आणि अरुन या नद्यांना जोडणारा कालवा १८१६ साली खुला झाला. त्यापुढच्या पोर्ट्समथ-अरुंडेल कालव्याला पार्लमेंटची मंजुरी मिळाली १८१७ मध्ये. म्हणजे वॉटर्लूची लढाई होऊन दोन वर्षे उलटल्यावर! ज्या भीतीपोटी हा बेत आखला, ती संपली होती. तरी जॉन रेनी या नामवंत अभियंत्याच्या आराखड्यावर काम झाले आणि पेटवर्थच्या अर्ल ऑफ एग्रेमाँट यांनी त्यात मोठी रक्कम घातली. १८२३ साली सगळा मार्ग सुरू झाला. मधल्या खाड्यांतून बोटींची माळ वाफेच्या टगने ओढून नेत.

मिल्टनहून शहराकडे जाणारा तुकडा जेमतेम चार किलोमीटरचा. पण बेट सपाट, त्यावर कालव्याला पुरेल अशी नदी नाही, आणि लॉक दर खेपेला हौदभर पाणी खाते. तेव्हा वाफेच्या पंपाने समुद्राचेच पाणी वर चढवले. कागदावर हा उपाय बिनतोड होता. समुद्र काही आटणार नव्हता.

कालव्याचा तळ मात्र पाणी धरीना. ते जमिनीत मुरले आणि आसपासच्या विहिरी खारट झाल्या. त्या काळी लोक याच विहिरींचे पाणी पीत. लंडनशी जोडणारा जलमार्ग दारात आला, आणि घरात प्यायला पाणी नाही! तक्रारी वाढल्या आणि १८२७ मध्ये हा तुकडा कोरडा करावा लागला. पुढे १८३० च्या सुमारास बेटाच्या उत्तरेची खाडी बोटींसाठी खोल करून वळसा काढला गेला. माझ्या मते ही वाट आधीच निवडायला हवी होती. पण शहराच्या मध्यापर्यंत बोट नेण्याचा मोह योजकांना आवरला नसावा.

माल फारसा आलाच नाही. समुद्र आता निर्धोक होता, भाडेही कमी होते. त्यात रेल्वे आली. १८४७ साली पोर्ट्समथला पोहोचलेल्या लोहमार्गाने फ्रॅटनच्या पुढे याच कोरड्या कालव्याच्या खोलगटीचा काही भाग वापरला. लंडनची गाडी आजही तिथूनच शहरात शिरते. जवळच्या एका रस्त्याचे नाव ‘कॅनॉल वॉक’ आहे, आणि मिल्टनच्या लॉकलगतचा खाडीकाठ आता निसर्ग-राखीव म्हणून सांभाळला जातो.