वांझ म्हणून तोडलेली पपई

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. डिलाईल रोडवरील (ज्यास आता ना. म. जोशी मार्ग म्हणतात) ज्या चाळीत आम्ही राहतो, तिच्या पाठीमागे पपईची तीन झाडे होती. दोहोंस फळे लागत. तिसऱ्यास लांब लांब देठांवर पांढरट फुलांचे झुबके लोंबत, परंतु फळ असे कधी धरले नाही. शेजारच्या एक वृद्ध बाई म्हणाल्या, “मास्तर, हे झाड वांझ आहे. उगाच जागा अडवून बसले आहे. तोडून टाकू का?” आम्ही वह्या तपाशीत होतो, मान वर न करताच होकार दिला. पुढल्या हंगामी उरलेल्या दोन्ही झाडांस फुले विपुल आली, आणि बहुतेक सारी गळून पडली. वर्गात वनस्पतिशास्त्र शिकविणाऱ्याच्या हातून असे व्हावे, याची आम्हांस लाज वाटते. म्हणून हा लेख.

फुलाची रचना पाहावयाची तर एकेरी जास्वंद घ्यावी. पाकळ्यांच्या मधून एक लांब नळी बाहेर आलेली दिसते. तिच्यावर जे बारीक पिवळे दाणे तंतूंच्या टोकांस चिकटलेले असतात ते परागकोश. तंतू व परागकोश मिळून पुंकेसर, म्हणजे फुलाचा नर भाग. नळीच्या अगदी टोकास पाच मखमली ठिपके असतात, त्यांस कुक्षी म्हणतात. कुक्षीपासून एक बारीक दांडी नळीच्या आतून खाली फुलाच्या बुडाशी अंडाशयापर्यंत जाते. हा सारा स्त्रीकेसर, म्हणजे मादी भाग. परागाचा कण कुक्षीवर पडला म्हणजे त्यातून एक सूक्ष्म नलिका निघून दांडीतून खाली उतरते व अंडाशयातील बीजांडास गाठते. मग बीजांडाचे बी होते, आणि अंडाशय वाढून फळ होते.

जास्वंदीत दोन्ही भाग एकाच फुलात असतात. सर्वत्र तसे नाही. भोपळ्याच्या वेलावर नरफुले निराळी व मादीफुले निराळी. मादीफुलाच्या खाली इवलासा भोपळा आधीच दिसतो, म्हणून भज्यांसाठी फुले खुडणाऱ्या जाणत्या गृहिणी नरफुलेच खुडतात. मक्याचा शेंड्यावरील तुरा नर, व कणसाचे रेशमी केस मादी. पावसाळ्यात कणीस भाजण्यापूर्वी आपण हे केस ओरबाडून टाकतो. परंतु त्यांतील एकेक केस एकेका दाण्यास जोडलेला असतो, आणि ज्या केसावर पराग पडला नाही त्याची जागा कणसात रिकामी राहते.

हे प्रयोगाने प्रथम दाखविले ते जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील कामेरारियस या वैद्याने. त्याने एरंडाची नरफुले उमलण्यापूर्वीच काढून टाकली, तेव्हा त्या झाडास बी धरले नाही. आपले निष्कर्ष त्याने १६९४ साली एका पत्राच्या रूपाने प्रसिद्ध केले. एरंड आपल्याकडे कोणत्याही पडीक जागेत उगवतो. त्याच्या तुऱ्यात वर मादीफुले व खाली नरफुले असतात. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा, मात्र एरंडाचे बी विषारी असते, ते तोंडात घालू नये.

काही वनस्पतींत तर झाडेच निराळी. ताडगोळे आपण उन्हाळ्यात आवडीने खातो, ते मादी ताडाचे. नर ताडास ते कधीच येत नाहीत. श्रावणात बाजारात येणारी कर्टोली याच जातीची. पपईतही नर व मादी झाडे निराळी असतात, व काही झाडांस दोन्ही भाग असलेली फुले येतात. अशा झाडाचे फळ लांबट, मादीचे गोलसर. नर झाडाची फुले लहान, लोंबत्या देठांवर. मादीची मोठी, खोडालगत. पराग वाऱ्याने व रात्री फिरणाऱ्या पतंगांमार्फत जातो. म्हणूनच जुन्या वाणांच्या बागेत शेतकरी दहा झाडांमागे एखादा नर मुद्दाम राखतो. आमच्या चाळीतला तो नर एकटाच होता.

त्या झाडास वांझ म्हणताना ते नर असेल, अशी शंका कोणासही शिवली नाही. हा शब्द घरोघरी सुनांवरही असाच सहज फेकला जातो; तेथेही उणीव पुरुषाच्या ठायी असू शकते, असे वैद्यक स्पष्ट सांगते.

मुलगे व मुली एकत्र बसत असता नर, मादी हे शब्द वर्गात उच्चारावे काय, असे एका पालकांनी आम्हांस विचारले. चाळीत ते वेळीच उच्चारले असते तर झाड उभे राहिले असते, इतकेच आम्ही त्यांस सांगितले. ते हसले, व मुलीची वही पुढे करून मक्याच्या केसांविषयी पुन्हा विचारू लागले.

यंदा जूनमध्ये एका आळ्यात तीन, अशी नऊ रोपे आम्ही लावली आहेत. फुले येण्यास पाच-सहा महिने लागतील, व तोपर्यंत नर कोणते आणि मादी कोणती हे नुसते पाहून कळावयाचे नाही. कोयता घेऊन येणाऱ्यांनी त्याआधी आमच्या खोलीची कडी वाजवावी.