आहुप्याच्या थंडीत पॅन्सीची फुले

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असे आपण सहज म्हणून जातो. आंबेगाव तालुक्यातले आहुपे तर या तेरड्याच्याच मुलखातले. घोडेगाव, डिंभे मागे टाकून धरणाच्या पाण्याकडेने वर गेले की हे गाव लागते. पुढे कडा आणि खाली मुरबाडचे कोकण. इथल्या पावसाळी फुलांना कुणी बी पेरत नाही की पाणी घालत नाही. पण दिवाळी सरली की अंगण उघडे पडते. त्या दिवसांसाठी एक परदेशी फूल सुचवावेसे वाटते. त्याचे नाव पॅन्सी.

पाच पाकळ्यांचे, मखमली, मधोमध काळसर डाग असलेले हे फूल मिशा फुटलेल्या माणसाच्या तोंडासारखे दिसते. मुलांना ते फार आवडते. रानटी व्हायोलाच्या जातींचा संकर करून इंग्लंडमधल्या माळ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ते घडवले. फ्रेंच भाषेत 'विचार' या अर्थाचा जो शब्द आहे, त्यावरून त्याला हे नाव पडले. पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत फुलांचे प्रदर्शन भरते. तिथे किंवा एखाद्या बंगल्याच्या फाटकातून हे फूल पाहून 'हे आपल्यासारख्यांचे नव्हे' असे म्हणत पुढे गेलेल्या बायका पुष्कळ असतील. खरे तर त्याला लागते काय? बियांची एक पुडी, तेलाचा जुना डबा आणि थंडी. थंडी तर आहुप्याला फुकट आहे!

मात्र घाई केली की पुडीचे पैसे गेलेच म्हणून समजा. भर पावसात पेराल तर रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी टाकावे. पण ऑक्टोबरचे ऊन कडक असते आणि या बियांना उकाडा मानवत नाही. १८ ते २० अंश उष्णता त्यांना पुरे. म्हणून डबा ओसरीच्या सावलीत ठेवावा.

डब्याच्या बुडाला चार-पाच भोके पाडा. चाळलेली लाल माती आणि जुने, पुरते कुजलेले शेणखत निम्मे-निम्मे घाला. ताजे शेण मुळीच नको. बी खसखशीहून जरा मोठे असते. ते विरळ पेरून वर ज्वारीच्या दाण्याएवढा मातीचा थर द्या, पाणी शिंपडा आणि ओले गोणपाट झाका. नवखी बाई हमखास चुकते ती इथेच. हे बी अंधारात चांगले रुजते. 'ऊन मिळू दे बिचाऱ्याला' म्हणून डबा उघडा ठेवला तर वाट पाहून डोळे दुखतील. दहाव्या दिवसापासून रोज गोणपाट उचलून पाहा. पहिला कोंब दिसताच ते काढा, नाहीतर रोपे पांढुरकी, लांबुडकी होऊन आडवी पडतील. कधी कधी तीन आठवडेही लागतात. माती उकरून पाहू नये.

चार-पाच पाने आली की संध्याकाळच्या वेळी रोपे वीतभर अंतराने वाफ्यात किंवा डब्यांत लावा. कड्यावरून वारा येतो, तेव्हा जागा घराच्या आडोशाची असावी. कोंबड्या असतील तर काट्या लावाव्यात, हे सांगायला नकोच. मावा दिसला तर पाण्याच्या जोरदार शिपक्याने धुऊन काढा.

आता पाण्याचे. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस उदंड, पण पाणी उतारावरून निघून जाते आणि उन्हाळ्यात हंडा डोक्यावर येतो. हंडाभर पाण्यासाठी जी बाई चढ चढते, तिला फुलांना पाणी घाला असे सांगताना जीभ अडखळते. म्हणून आठ-दहा रोपांवर थांबावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्यांना पुरते. पॅन्सीची एक गोष्ट चांगली, ती आपणहून वेळेवर आवरते घेते. पेरणीपासून साधारण तीन महिन्यांनी फूल येते. म्हणजे डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी असा बहर मिळतो. मार्चचे ऊन लागले की झाड मलूल होते. मग त्याच्यासाठी हंडा वाहू नये, उपटून खतात टाकावे.

सुकलेली फुले रोज खुडत गेल्यास नवी येत राहतात. एक-दोन झाडांची मात्र शेवटी खुडू नका, बी धरू द्या. बोंड आधी खाली मान घालून असते. पिकले की मान वर करते आणि तीन फाकांत उघडून तेरड्यासारखेच बी उडवते. मान वर होताच, उघडण्याआधी, ते तोडून कागदाच्या पुडीत वाळवावे. पुडीवर 'एफ-१' छापलेले असेल तर त्या बियांतून पुढल्या वर्षी तोच रंग येईल याचा भरवसा नाही. तरी फूल येतेच. जांभळ्याच्या पोटी पिवळे निघाले तर मुले भांडतील, एवढेच.

बियांची पुडी कोरड्या बरणीत, चुलीपासून लांब ठेवा आणि वर पेरणीचा महिना लिहून ठेवा.