पेशीच्या दारातलं कोलेस्टेरॉल

रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एलडीएल हा कण पेशीत शिरतो तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या खास ग्राहीला चिकटून. डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात हे शोधलं. १९८५चं नोबेल त्यांना मिळालं. आनुवंशिक दोषामुळे हे ग्राही दोन्ही पालकांकडून सदोष आले, तर बालपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, इतकं या ग्राहींचं मोल!

आत आलेला कण लायसोसोम या पेशीच्या पचनपिशवीत फुटतो. ग्राही मात्र सुटा होऊन साधारण दहा मिनिटांत पुन्हा पृष्ठभागावर हजर.

कणातून सुटलेलं कोलेस्टेरॉल एनपीसी१ आणि एनपीसी२ ही प्रथिनं लायसोसोममधून बाहेर काढतात. यांपैकी एक जरी बिघडलं, तरी कोलेस्टेरॉल तिथेच तुंबतं आणि नीमन-पिक सी हा आजार होतो; त्यात मेंदूची फार हानी होते. गरजेपेक्षा जास्त कोलेस्टेरॉलला मेदाम्ल जोडून पेशी ते मेदाच्या थेंबांत साठवते.