मावा मारणारे विष आणि विडीचा झुरका

ताकारी व टेंभू उपसा योजनांचे पाणी आल्यापासून कडेगाव तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढले आणि त्याबरोबर रानातील कामही वाढले. कामाच्या मध्ये बांधावर बसून विडी ओढली म्हणजे तरतरी येते, अशी पुष्कळांची समजूत आहे. ही तरतरी मुळात कशाची असते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एके काळी पिकावरील मावा मारण्यासाठी तंबाखूचा काढा किंवा निकोटीन सल्फेट फवारीत असत. निकोटीनमुळे किडीचे मज्जातंतू बेसुमार उत्तेजित होऊन ती तडफडून मरते. निकोटीन सल्फेटच्या वापरास आता देशात बंदी आहे; परंतु तेच निकोटीन विडीच्या धुरातून माणसाच्या शरीरात जाते.

मेंदूवरील परिणाम

झुरका घेतल्यावर सुमारे १० सेकंदांत निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते. तेथे डोपामाईन नावाचे द्रव्य स्रवते व क्षणभर बरे वाटते. काही वेळाने अंमल उतरला की बेचैनी व चिडचिड सुरू होते, आणि ती घालविण्यासाठी पुन्हा विडी लागते. म्हणजे नेहमीच्या ओढणाऱ्यास वाटणारी तरतरी ही बहुतांशी विडीनेच निर्माण केलेल्या बेचैनीचा उतारा होय.

शरीरावरील परिणाम

धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे स्नायूंना प्राणवायू कमी पडतो व उसाची मोळी उचलताना धाप लागते. रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हृदयविकार, पक्षाघात, क्षय व कर्करोग यांचा धोका वाढतो. विडी सिगारेटहून सौम्य, हाही भ्रमच आहे. ती लवकर विझते, म्हणून वारंवार व जोराने ओढावी लागते. घरातील स्त्रियांची मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच होय. गरोदरपणी ती लावल्यास बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा संभव असतो.

सोडल्याचा लाभ

विडी सोडल्यावर २० मिनिटांत नाडीची गती उतरू लागते. एका वर्षात हृदयविकाराचा वाढीव धोका जवळजवळ निम्मा होतो. १० वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचा धोका निम्म्यावर येतो. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो. तीन-चार आठवड्यांत बेचैनी बरीच ओसरते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी नुसता उपदेश न करता दिवस ठरवून विडी सोडावयास सांगावे, घरच्यांची साथ मिळवून द्यावी आणि १८००-११-२३५६ हा व्यसनमुक्तीचा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक द्यावा. वाळलेल्या पाचटात पडलेले एक थोटूक उभा ऊस जाळू शकते, हे शेतकरी जाणतो. छातीत रोज पडणाऱ्या ठिणगीबाबतही त्याने तितकेच सावध असावे.