नेम चुकतो कुठे?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यावर स्वप्नील कुसाळेने सांगितले होते, की त्या दिवशी छातीचे ठोके खूप वाढले होते आणि पोटात काळ्या चहाशिवाय काही नव्हते. मग केले काय? श्वासावर लक्ष ठेवले आणि वेगळे काही करायला गेला नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या नेमबाजाचे उत्तर, घरातल्या भिंतीवर डार्टबोर्ड टांगणाऱ्यांच्याही कामाचे आहे.

कुस्ती आणि फुटबॉलच्या कोल्हापूरने नेमबाजीतही नाव काढले आहे. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे असते. डार्टबोर्डचा मधला ठिपका १२.७ मिलिमीटरचा, आणि अंतर फक्त २.३७ मीटर. तरी तो लागत नाही, कारण रायफल स्थिर धरायची असते, डार्ट मात्र हलत्या हातातून सोडायचा असतो.

डार्ट सेकंदाला ६ मीटर वेगाने सुटतो असे धरू. हात पुढे गेल्यावर बोर्ड साधारण दोन मीटर उरतो. एवढ्या प्रवासात डार्ट अर्ध्या मीटरहून थोडा जास्त खाली येतो, म्हणून तो किंचित वरच्या दिशेनेच सोडावा लागतो. त्या वेळी हाताचा पंजा कोपराभोवती गोल फिरत असतो. बोटे सेकंदाच्या हजाराव्या भागाने उशिरा सुटली, तरी दिशा जवळजवळ एका अंशाने बदलते आणि बोर्डवर सुमारे ३ सेंटीमीटरचा फरक पडतो. नजर चांगली असून नेम चुकतो तो बहुधा इथे.

नवखा माणूस यावर उपाय म्हणून जोर लावतो. नेमके उलटे. हार्वर्डचे एल. महादेवन आणि येलचे मधुसूदन वेंकडेसन यांनी २०१७ मध्ये फेकीचे गणित मांडले. जेमतेम पोहोचेल त्याहून थोडा जास्त वेग सर्वांत भरवशाचा, असे त्यातून दिसले. तेव्हा खांदा आणि कोपर जागेवर ठेवावे, पुढच्या पायावर भार द्यावा, पाय दर वेळी त्याच जागी असावा. डार्ट सुटल्यावरही हात लक्ष्याकडे पूर्ण जाऊ द्यावा. मध्येच आखडला की बोटे आधी किंवा नंतर उघडतात.

लक्ष कुठे द्यायचे, हा भाग मात्र बहुतेकांना ठाऊक नसतो. कॅनडाच्या जोन विकर्स यांनी खेळाडूंच्या नजरेचा अभ्यास केला. कुशल खेळाडू हालचाल सुरू होण्याआधी एकाच बिंदूवर नजर थोडी जास्त वेळ स्थिर ठेवतात, असे त्यांना आढळले. डार्टवरच्या २०१० च्या एका अमेरिकी प्रयोगात, स्वतःच्या हाताकडे लक्ष देण्यापेक्षा बोर्डकडे लक्ष दिल्यावर नेम सुधारला आणि दंडाच्या मागच्या स्नायूवरचा ताणही घटला. कोपर ‘बरोबर आहे ना’ हे सरावात पाहावे, फेकताना नाही. पाच वेळा विश्वविजेता ठरलेल्या एरिक ब्रिस्टोलाही पुढे डार्ट हातातून सुटेनासा झाला होता. या खेळात त्या विकाराला ‘डार्टायटिस’ म्हणतात.

आता पुन्हा छातीच्या ठोक्यांकडे. प्रत्येक ठोक्याचा हलका धक्का हातापर्यंत पोहोचतो. अनुभवी नेमबाजांचा चाप बऱ्याचदा दोन ठोक्यांच्या मधल्या शांत क्षणी दाबला जातो. डार्ट फेकणाऱ्याला एवढे बारीक साधणे कठीण. पण सावकाश श्वास सोडून मग फेकण्याची सवय लावता येते.

ठोके गोळीने कमी करण्याचा मोह जगभर झाला आहे. रक्तदाबावर दिल्या जाणाऱ्या ‘बीटा ब्लॉकर’ गोळ्यांनी ठोका मंदावतो, हाताची थरथर कमी होते. म्हणून नेमबाजी, तिरंदाजी आणि डार्ट या खेळांत त्यांना बंदी आहे. प्रोप्रानोलॉल सापडल्याने उत्तर कोरियाच्या किम जोंग सू याची २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमधली दोन्ही पदके गेली. दम्याच्या रुग्णाला या गोळ्यांनी श्वासाचा त्रास होऊ शकतो, त्यामुळे हौसेखातर घेणे धोक्याचे. रक्तदाबासाठी चालू असतील तर स्वतःहून अचानक बंदही करू नयेत, त्यानेही हृदयावर ताण येतो. स्पर्धेत उतरणाऱ्याने आधीच डॉक्टरांना तसे सांगावे. गरजेच्या औषधासाठी परवानगी मागण्याची सोय नियमांत आहे.